सभेत प्रश्न विचारणाऱ्याला ओढत बाहेर काढणं आपल्याला शोभतं का?

तिसरं_गेट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बेळगाव तालुक्यातल्या एका गावात परवा सभा झाली. गावाचं आणि पक्षाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पहिल्या पाच प्रतिसादांतच धागा 'कुठल्या गटाचा' यावर जाईल. वक्ते मराठी, ऐकणारेही आपलेच. मुख्य भाषण चांगलं रंगात आलेलं. सीमाप्रश्न झाला, कन्नडसक्ती झाली, हुतात्म्यांचं स्मरण झालं. तेवढ्यात मागून एक पोरगा उठला आणि मोठ्यानं म्हणाला, "साहेब, आमच्या शेताचा उतारा मराठीतून मिळावा म्हणून निवडून आल्यापासून तुम्ही कुठं अर्ज केलात, तेवढं सांगा."

शिवी नाही, घोषणा नाही. वक्ते थांबले. व्यासपीठावरच्या दुसऱ्यानं माईक ओढून घेतला आणि विचारलं, "कुणी पाठवलाय ह्याला?" तिघं-चौघं धावले. एकानं कॉलर धरली, एकानं मोबाईल काढून घेतला, आणि ओढत नेऊन कमानीबाहेर सोडलं. मांडवात टाळ्या पडल्या.

मला त्रास झाला तो त्या टाळ्यांचा. कर्नाटक विधिमंडळाच्या बेळगावातल्या हिवाळी अधिवेशनाच्या वेळी आपल्या मराठी महामेळाव्याला परवानगी नाकारतात तेव्हा हेच लोक लोकशाहीचा गळा घोटला म्हणून रस्त्यावर येतात. मीही येतो, यापुढंही येईन. पण मग आपल्या मांडवात हे कसं चालतं?

विचारायचंय ते असं. ज्याची सभा त्याला निवांत बोलू द्यायचं, हा नियम मानायचा, की श्रोत्याला मध्ये उठून विचारायचा हक्क आहे? आणि असलाच तर तो संपतो कुठं?

शहापूरचा_माग

पोरानं बरोबर विचारलंय की वो. उत्तर नव्हतं म्हणून कॉलर धरली.

सीमासैनिक

धागाकर्त्याला सविनय सांगतो, तुम्ही अर्धीच बाजू मांडलीत. आमच्या सभा बंगळूरच्या नाट्यगृहात होत नाहीत. २०२१ च्या डिसेंबरमध्ये बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर मेळाव्याच्या मांडवातच महाराष्ट्र एकीकरण समितीच्या ज्येष्ठ नेत्यांच्या तोंडावर शाई फासली गेली. २००५ साली बेळगावच्या महापौरांना बंगळुरात काळं फासलं. २०२० च्या १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करायला आलेल्या महाराष्ट्राच्या मंत्र्याला पोलिसांनी गाडीत घालून नेलं. २०२२ ला तर परवानगी नाकारून जमावबंदीच लावली. इतकं सोसलेल्या माणसाला मागून कुणी अनोळखी उठला की पहिल्यांदा काय वाटणार? शाईची बाटली आहे की प्रश्न, हे ओळखायला तिथं वेळ नसतो.

पोराचा प्रश्न खरा असेल. पण वेळ आणि जागा असते. दुसऱ्या दिवशी कार्यालयात यायचं, बसायचं, विचारायचं. भर सभेत नेत्याला उघडं पाडलं की दुसऱ्या दिवशी कन्नड पेपरात कोणत्या मथळ्यानं येतं ते आम्हाला माहीत आहे.

मांडववाला

आमचा मांडव आणि साऊंडचा धंदा. सगळ्या पक्षांच्या सभा केल्यात, दोन्ही भाषांच्या. एक गोष्ट सांगतो जी समोर बसलेल्यांना दिसत नाही.

सभेत कुणी ओरडायला लागला की आयोजक पहिल्यांदा माझ्याकडं बघतो आणि अंगठा वर करतो. म्हणजे आवाज वाढव. स्टेजच्या दोन्ही बाजूला बॉक्स रचलेले असतात, मागं विजेच्या खांबावर कर्णे. मिक्सरवरची पट्टी मी बोटभर वर सरकवली की मागचा माणूस घसा फोडून ओरडला तरी शेजारच्याला ऐकू जात नाही. ओरडणाऱ्याचं तोंड हलताना दिसतं, एवढंच. दोन-तीन मिनिटांत तो आपणहून खाली बसतो.

म्हणून मला हे कधी कळलं नाही, की हात कशाला लावायचा? ज्याच्या हातात माईक आहे त्याच्यापेक्षा बिनमाईकचा माणूस मोठा कधीच होत नाही. सीमासैनिक म्हणतात ते शाईचं खरं आहे, त्यासाठी व्यासपीठापुढं चार माणसं उभी करा. मागच्या रांगेतून शाई पोचत नाही.

पुणेस्थित_बेळगावकर

वाचतोय. साधा उपाय आहे की, श्रोत्यांना चिठ्ठ्या द्यायच्या, प्रश्न लिहून घ्यायचे, भाषण झाल्यावर वाचून उत्तरं द्यायची. इकडं व्याख्यानमालांत असंच करतात.

शहापूरचा_माग

चिठ्ठ्या वर गेल्यावर निवडतो कोण? 'आपले आदर्श कोण' ही चिठ्ठी वाचली जाते आणि उताऱ्याची खिशात जाते.

इतिहासाचा_नाद

चिठ्ठीवरून आठवलं, थोडं अवांतर होईल. १९०७ च्या सुरत काँग्रेसमध्ये टिळकांनी आधी चिठ्ठीच पाठवली होती. अध्यक्षांच्या निवडीवर मला बोलायचं आहे, अशी. तिचं उत्तर आलं नाही. मग टिळक स्वतः व्यासपीठावर जाऊन उभे राहिले, त्यांना बोलू देईनात, ते हलेनात, आणि त्या गोंधळात मांडवातून जोडा आला तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता यांना लागला. अधिवेशन मोडलं आणि काँग्रेस फुटली. जोडा कुणाचा हे आपण चवीनं सांगतो. त्याच्या आधी एक चिठ्ठी अनुत्तरित राहिली होती हे कुणी सांगत नाही.

नऊ वर्षांनी, १९१६ च्या एप्रिलमध्ये, त्याच टिळकांनी आपल्या बेळगावात होमरूल लीगची स्थापना केली. १९२४ ला गांधीजी ज्या एकमेव काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले तेही इथंच, टिळकवाडीत. परिषदा आणि सभा ऐकत वाढलेलं हे गाव आहे. इथल्या माणसाला सभेत कसं बसावं हे शिकवायला नको.

आता कडू भाग. २० नोव्हेंबर १९५५ ला चौपाटीवर मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा संयुक्त महाराष्ट्रवाल्यांनी उधळली. आपण ते आजही अभिमानानं सांगतो. माझ्या घरातही सांगितलं जायचं. लोकांचा संताप खरा होता, मागणी न्याय्य होती, आणि दोन महिन्यांनी झालेल्या गोळीबारांनी तो संताप किती रास्त होता हेही दाखवलं. तरीपण समोरच्याची सभा बंद पाडणं जर आपण शौर्यात मोजत असू, तर आपला मेळावा बंद पाडणाऱ्याला कुठल्या तोंडानं बोलणार?

सीमासैनिक

@इतिहासाचा_नाद, चौपाटीवर सत्ताधारी बोलत होते. त्यांच्या हातात पोलीस होते, बंदुका होत्या. आमच्या हातात काय आहे? एक भगवा ध्वज आणि वर्षाला एक काळा दिन. सत्तेच्या सभेत ओरडणं आणि दडपलेल्यांच्या सभेत ओरडणं एका मापानं मोजू नका.

वकील_हिंदवाडी

सीमासैनिक यांचा हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, त्याच्याकडं शेवटी येतो. आधी कायदा, कारण धाग्यात बऱ्याच गोष्टी एकत्र झाल्यात.

संविधानाच्या कलम १९(१)(अ) नं बोलण्याचा हक्क दिला आणि (ब) नं शांततेनं, शस्त्रांशिवाय जमण्याचा. निदर्शनं हासुद्धा बोलण्याचाच एक प्रकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये कामेश्वर प्रसाद खटल्यात सांगितलं. १९७२ च्या हिम्मतलाल शहा खटल्यात म्हटलं, की सार्वजनिक रस्त्यावरच्या सभेवर पोलीस रास्त अटी घालू शकतात, पण परवानगी द्यायची की नाही हे निव्वळ मर्जीवर सोडता येणार नाही. हे आपल्या मेळाव्याला लागू पडणारं.

आता मांडवातला पोरगा. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून मतदानापर्यंतच्या राजकीय सभांसाठी लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १२७ आहे. सभा ज्या कामासाठी बोलावली ते काम होऊच नये अशा हेतूनं जो गोंधळ घालतो किंवा घालायला लावतो, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सभाध्यक्षांनी सांगितलं तर पोलीस त्याचं नाव-पत्ता विचारू शकतात. म्हणजे कायदाही हेतू बघतो. एकदा उठून प्रश्न विचारणं म्हणजे सभा बंद पाडणं नव्हे. दहा जणांनी मिळून अर्धा तास वक्त्याला बोलूच न देणं, ही मात्र गोष्ट वेगळी. माझ्या मते रेषा तिथं आहे: पुढचं वाक्य बोलायची संधी वक्त्याला राहिली की नाही.

आयोजक एखाद्याला 'बाहेर जा' म्हणू शकतो, सभा त्याची आहे. कॉलर धरण्याचा आणि मोबाईल काढून घेण्याचा अधिकार त्याला कुठल्याच कायद्यानं दिलेला नाही. पोराच्या घरच्यांनी मनात आणलं तर तो गुन्हा होतो.

खानापूरची_लेक

वकीलसाहेबांचं पटलं. पण सभेत बायकांचं काय होतं तेही लिहा कुणीतरी. पुढच्या रांगा आम्हाला देतात, फोटोत गर्दी दिसावी म्हणून. बोलायला उठलं की शेजारचीच पदर ओढून खाली बसवते.

आमच्या गावात ग्रामसभेत मी पाण्याच्या टाकीचं विचारलं होतं. तिथं तर विचारण्यासाठीच सभा असते, कायद्यानं. अहवाल कन्नडात वाचला, अर्ध्या गावाला कळला नाही. मी म्हटलं, मराठीत परत सांगा. पीडीओ, म्हणजे पंचायतीचे विकास अधिकारी, बिचारे सांगायला तयार होते, मोडकंतोडकं का होईना सांगत होते. आमचाच एक सदस्य उठला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या घरात बापय माणूस नाही का विचारायला?" मराठी माणूस, मराठीत म्हणाला. मी उभीच राहिले आणि टाकीचं उत्तर घेऊनच बसले. टाकी झाली. त्या सदस्यानं अजून माझ्याशी धड बोलणं ठेवलेलं नाही.

तेव्हा गप्प बसवणारा दर वेळी पलीकडचाच असतो असं नाही, सीमासैनिकदादा.

मांडववाला

@खानापूरची_लेक, शाब्बास ताई.

गोकाकचा_करदंट

मी कन्नड घरातला, आई निपाणीची, म्हणून मराठी वाचता-लिहिता येतं. भाषेच्या चुका सांभाळून घ्या. हे दुखणं फक्त तुमच्या मांडवातलं नाही म्हणून लिहितोय.

२०२५ च्या एप्रिलमध्ये बेळगावात काँग्रेसची सभा झाली. मुख्यमंत्री बोलत असताना भाजपच्या काही महिलांनी घोषणा दिल्या, काळे झेंडे दाखवले. मुख्यमंत्र्यांनी बंदोबस्तावरच्या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याला व्यासपीठावर बोलावलं आणि सगळ्यांसमोर त्याच्यावर हात उगारला. तो व्हिडिओ देशभर फिरला. इतकी वर्षं राजकारणात काढलेला माणूस, राज्याची सगळी सत्ता हातात, आणि चार बायकांच्या घोषणांनी तोल जातो. त्या घोषणा दोन मिनिटांत विरल्या असत्या. लोकांच्या लक्षात आता भाषण राहिलं नाही, उगारलेला हात राहिला.

दुसरं. १ नोव्हेंबरला चन्नम्मा चौकात आमची राज्योत्सवाची मिरवणूक असते, लाल-पिवळे झेंडे, डीजे, पोरं रात्रीपासून जमलेली. त्याच दिवशी तुमची काळ्या दिनाची सायकल फेरी संभाजी उद्यानातून निघते. मला काळा दिन आवडत नाही, स्पष्ट सांगतो. माझ्या राज्याच्या वाढदिवसाला कुणी काळे कपडे घालून फिरलेलं बघवत नाही. पण कुणाला दगड न मारता, सायकलवरून फिरून दुःख सांगायचं असेल तर ते सांगू द्यावं, असं मी आमच्या गटातही बोलतो. तिथं माझीही कॉलर धरायच्या बेतात असतात.

सीमासैनिक

@गोकाकचा_करदंट, बेळगाव आताच्या कर्नाटकात गेलं त्या १ नोव्हेंबर १९५६ बद्दल तुमचं-आमचं कधी जमणार नाही. पण फेरीबद्दल जे लिहिलंत त्यासाठी मनापासून आभार. तुमच्या बाजूनं असं उघड बोलणारे मी फार कमी बघितले.

तिसरं_गेट

करदंट, भाषेची चूक एकही सापडली नाही. येत राहा.

कॅम्पातला_कुंदा

वकीलसाहेब, एवढा सल्ला फुकट घेतला, फी कुठं पाठवू? अर्धा किलो कुंदा चालेल?

वकील_हिंदवाडी

चालेल. किलोभरही चालेल.

आता राहिलेला मुद्दा. सीमासैनिक म्हणाले, दडपलेल्यांची सभा आणि सत्तेची सभा एका मापानं मोजू नका. खरं आहे, पोलीस ज्याच्या हातात त्याची जबाबदारी जास्त. पण आपल्या मेळाव्याला परवानगी नाकारताना कारण काय देतात ते एकदा नीट बघा. मेळावा घेतला तर दुसऱ्या संघटना चिडतील, कायदा-सुव्यवस्था बिघडेल. म्हणजे चिडणारा वेगळा, आणि तोंड बंद बोलणाऱ्याचं.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९८९ चा एस. रंगराजन निकाल आहे. वाद एका तमिळ चित्रपटाचा होता. न्यायालयानं म्हटलं, की निदर्शनांची किंवा हिंसेची धमकी आली म्हणून अभिव्यक्ती दाबता येणार नाही, आणि विरोधी जमाव आवरता येत नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. बोलणाऱ्याचं संरक्षण करणं हे सरकारचं कर्तव्य आहे. २०२० च्या अनुराधा भसीन निकालातही सांगितलं, की जमावबंदीचं कलम रास्त मतप्रदर्शन दडपायला वापरायचं नाही. पूर्वीचं १४४, आता नागरिक सुरक्षा संहितेतलं १६३.

आपल्या मेळाव्याची बाजू या निकालांवर भक्कम उभी राहते. मग मांडवात आपण काय केलं? श्रोते चिडले म्हणून प्रश्न विचारणाऱ्याला बाहेर काढलं. पोलीस आपल्याला जे कारण देतात तेच आपण त्या पोराला दिलं. कोर्टात मी मेळाव्यासाठी उभा राहिलो आणि समोरच्या वकिलानं त्या रात्रीचा व्हिडिओ लावला, तर मी काय बोलू? कायद्यानं ते दोन वेगळे विषय आहेत, हे सांगेन. पण न्यायाधीशांच्या चेहऱ्यावर काय उमटेल ते मला माहीत आहे.

इतिहासाचा_नाद

+१००. हा प्रतिसाद छापून समितीच्या प्रत्येक शाखेत लावावा.

शहापूरचा_माग

छापाल, पण लावू देणार कोण?

सीमासैनिक

वकीलसाहेब, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. टाळ्यांचं समर्थन मी करणार नाही. मोबाईल काढून घेतला असेल तर तो परत गेला पाहिजे, मी स्वतः चौकशी करतो. पण एक मागणं माझंही आहे. विचारणाऱ्यानं आपलं नाव-गाव सांगून विचारावं. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्ध गोळ्या झेललेल्यांच्या घरातली माणसं त्या मांडवात पुढं बसलेली असतात. पाठीमागून आवाज आला की ती दचकतात. नाव सांगितलं, गाव सांगितलं, की आपला आहे हे कळतं आणि अर्धा ताण तिथंच उतरतो.

खानापूरची_लेक

नाव सांगून विचारलं की दुसऱ्या दिवशी घरी माणसं येतात, हेही खरं आहे दादा. नाव सांगा म्हणताय तर घरी कुणी जाणार नाही याची हमी तुम्ही घ्या. आणि 'आपला आहे' हे कळलं तरच ऐकायचं का? करदंट उठून विचारले तर?

सीमासैनिक

हमी घेतो. करदंट आले तर त्यांनाही माईक मिळेल. आमच्या भागात पुढची सभा आहे तिच्या तयारीत मी आहे. भाषणानंतर प्रश्नांसाठी वेळ ठेवायला सांगणार. सगळे ऐकतीलच असं नाही, दोघं-तिघं विरोध करणार हे आत्ताच दिसतंय. पण बैठकीत मांडणार.

मांडववाला

दुसरा माईक माझ्याकडून, भाडं नको. कॉर्डलेस देतो. श्रोत्यांत फिरवायला माणूस मात्र तुमचा नको, माझा असेल. तुमचा माणूस माईक कुणाच्या हातात द्यायचा ते तोंड बघून ठरवतो, हे मी लय ठिकाणी बघितलंय. आणि रात्री दहाच्या आत आटपा, कर्णे बंद करायला पोलीस माझ्याकडं येतात, तुमच्याकडं नव्हे.

पुणेस्थित_बेळगावकर

चिठ्ठीची सूचना मागं घेतो, हे जास्त चांगलं आहे.

तिसरं_गेट

सीमासैनिक, मांडववाला, दोघांचेही आभार. त्या पोराला काल भेटलो. मोबाईल परत मिळालाय, काच फुटलेली आहे. सभेबद्दल तो फारसं बोलला नाही. त्याच्या वडिलांच्या नावची जमीन तिघा भावांत वाटून घ्यायची आहे, उताऱ्यावर काय लिहिलंय ते घरात कुणाला वाचता येत नाही, दर वेळी तालुक्याला जाऊन कुणाचे तरी पाय धरून वाचून घ्यावं लागतं. म्हणून विचारलं म्हणाला. एवढ्या प्रतिसादांत त्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तर आपणही दिलेलं नाही. वकीलसाहेब, काही करता येईल का?

वकील_हिंदवाडी

येईल. कलम ३५० प्रमाणे आपलं गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत कुठल्याही अधिकाऱ्याकडं मांडता येतं, म्हणजे तहसीलदारांना अर्ज मराठीतून देता येतो. 'कन्नडात आणा' म्हणून परत केला तर परत करण्याचं कारण लेखी मागायचं. दुसरं, ३५०-ब खाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राचे विशेष अधिकारी आहेत, त्यांच्याकडं तक्रार पाठवायची. १५ टक्के किंवा अधिक भाषिक अल्पसंख्याक असलेल्या भागात महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असं राज्यांनी मान्य केलेलं आहे. त्याच्या जोरावर उतारा उद्या मराठीत हातात पडेल असं मी म्हणणार नाही, पण मागणीला तो आधार आहे. आणि वाटणीचं काम थांबवू नका, उतारा घेऊन त्याला माझ्याकडं पाठवा, मी वाचून देतो. पैसे नकोत.

शहापूरचा_माग

हे सगळं त्या वक्त्यांना माईकवरून सांगता आलं असतं. दोन मिनिटं लागली असती.

खानापूरची_लेक

वकीलसाहेब, त्या अर्जाचा मराठी नमुना इथं टाकाल का? आमच्या गावात पंधरा-वीस घरं तरी लगेच देतील. मी स्वतः घेऊन जाते तहसीलला.

वकील_हिंदवाडी

रविवारी टाकतो. प्रत्येकानं दोन प्रती काढा, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.